सालातिगाचा कान

सालातिगा ह्या डोंगरातल्या गावात जुने रेडिओ दुरुस्त करणारी आठ-नऊ म्हातारी माणसं आहेत आणि त्यांतलं एकही हे काम पोटासाठी करत नाही. एक निवृत्त शाळामास्तर, एक टोफूच्या कारखान्याचा मालक, दोघे बस डेपोतले, अशी ही गॅंग. बायकांना विचाराल तर सगळे कामातून गेलेले. डचांच्या वेळचे, लाकडी खोक्यातले, आत काचेचे व्हॉल्व्ह असलेले रेडिओ कुठून कुठून उचलून आणायचे, महिनोन्महिने त्यांच्यात डोकं घालून बसायचं, आणि दर पस्तीस दिवसांनी लेगीचा रविवार, म्हणजे तिथल्या पाच दिवसांच्या जुन्या आठवड्यातला लेगी आणि रविवार एकाच दिवशी, आला की सकाळी को हियानच्या टोफू कारखान्यामागच्या पडवीत जमायचं. आपापला रेडिओ टेबलावर ठेवायचा, बटण फिरवायचं, आणि सगळ्यांनी एकाच माणसाच्या तोंडाकडे बघायचं.

तो माणूस म्हणजे पाक तुगिरान. पाक म्हणजे आपलं काका.

तुगिरान तार ऑफिसातले. एकोणतीस वर्षं त्यांनी नुसत्या कानाने तारा उतरवून घेतल्या. बाहेर वरात चाललेली असो, शेजारच्या टेबलावर भांडण पेटलेलं असो, ह्या गृहस्थांना टकटकीतून अक्षर न अक्षर सुटं ऐकू यायचं. पुढे तार बंद झाली, यंत्र भंगारात गेलं, पण कान घरी आला. पडवीतल्या टेबलावर रेडिओ लागला की ते डोळे मिटायचे आणि मान जराशी डावीकडे कलती करायचे. गाण्याच्या तळाशी कुठे बारीक घरघर आहे, कुठे एखादा सांधा चरचरतोय, सगळं त्यांना कळायचं. मग म्हणायचे, "कच्चा आहे. फिल्टरचा कंडेन्सर बघ." नाहीतर म्हणायचे, "शिजला."

शिजला म्हटलं की विषय संपला. मग दुरुस्त करणाऱ्याने रेडिओ उलटा करायचा आणि त्याच्या पोटात, पत्र्यावर, पेन्सिलीने लिहायचं: काय बिघडलं होतं, काय बदललं, तारीख, आपलं नाव. शेवटी तुगिरान स्वतःच्या हाताने लिहायचे, "शिजला. तु." ज्याच्या घरी रेडिओ जातो त्याला हे कधी दिसत नाही. हे असतं पुढच्या दुरुस्त करणाऱ्यासाठी, तो वीस वर्षांनी येवो की पन्नास. सही न करता रेडिओला हात लावणं म्हणजे ह्या मंडळींत शेण खाणं.

आता खरी गोष्ट सांगतो. गेली पाच वर्षं ह्या कानाला ऐकू येत नव्हतं.

आधी उजवा गेला, मग डावा. ठार बहिरे नव्हते झाले. समोर उभं राहून कोणी भरड्या आवाजात बोललं तर कळायचं, बाकीचं ओठांवरून काढायचे. पण घरघर, चरचर, त्या बारीकसारीक गोष्टी, ज्यांच्यासाठी माणसं त्यांच्या तोंडाकडे बघायची, त्या साफ गेल्या होत्या. बायको वार्सिनी म्हणायची, "अहो, टीव्ही जरा बारीक करा, अख्खी गल्ली आपल्या घरची मालिका ऐकतेय." त्यावर हे म्हणायचे, "टीव्हीचा आवाज बसलाय." आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रं नीट करणारा माणूस, पण स्वतःवर आलं तेव्हा दोष यंत्राला दिला! डॉक्टरकडे गेले नाहीत. कानात यंत्र घालून पडवीत जायचं? त्यापेक्षा न गेलेलं बरं. आणि पडवीत जायचं नाही, तर मग जगायचं कशासाठी, हे त्यांना खरोखर सुचत नव्हतं.

म्हणून त्यांनी युक्ती काढली. डोळे मिटायचे, मान कलती करायची, सगळं पूर्वीसारखं, फक्त एक हात सहज टेकवल्यासारखा रेडिओच्या खोक्यावर ठेवायचा. लाकूड तळहाताखाली थरथरलं म्हणजे आवाज येतोय. मग चार श्वास थांबायचं, आणि "शिजला." अधूनमधून, संशय येऊ नये म्हणून, "कच्चा." कोणाच्या लक्षात आलं नाही. निदान त्यांना तरी तसं वाटत होतं.

मग पालुपी आली.

योग्यकर्त्याच्या विद्यापीठात शिकवणारी, तिशीतली, चष्मेवाली मुलगी. ती म्हणाली, "मला दुरुस्तीवर लिहायचंय." को हियान तिला म्बाक, म्हणजे ताई, म्हणायचा. तो म्हणाला, "दुरुस्तीवर लिहून काय होणार, म्बाक? दुरुस्ती कर, मग कळेल." पण पोरगी चिवट. सात महिने येत राहिली. कोपऱ्यात स्टुलावर बसायची, वहीत लिहायची, भजी तळून झाली की पहिली बशी उचलून तुगिरानना आणून द्यायची. वार्सिनीच्या हाताखाली आल्याच्या गोड पाण्यात पिठाचे गोळे सोडून करतात ते रोंदे करायला शिकली. तुगिरानना मूल नव्हतं. ते तिला डाग द्यायला शिकवायचे, कथील किती घ्यायचं, धूर नाकात जाऊ नये म्हणून तोंड कुठे ठेवायचं. तिने पहिला सांधा नीट जोडला त्या दिवशी त्यांनी तो सगळ्यांना दाखवला. "बघा, डॉक्टरीणबाईंचा सांधा. मास्तर, तुमच्यापेक्षा बरा आहे."

मास्तर म्हणजे वागियो. चौतीस वर्षं चौथीच्या वर्गाला शिकवलेला, बारका, कमी बोलणारा माणूस. तुगिरानचा जवळचा दोस्त म्हणायचा तर तोच. अक्षर असं की वाटावं पाटीवर पुतळ्या मांडल्यात. तो नुसता हसला.

वर्षभराने लेख इंटरनेटवर आला. को हियानच्या मुलीने तो छापून आणला, एकतीस पानं, आणि लेगीच्या रविवारी को हियान खुर्चीवर उभा राहून, टोफूचा फडका खांद्यावर टाकून, तो मोठ्याने वाचू लागला.

"ऐका! 'दुरुस्ती म्हणजे वस्तूच्या जखमेशी साधलेला संवाद होय.' जखम? अगं माझे आई, कंडेन्सर फुगला होता!"

पडवी हसली. डेपोतला एक जण म्हणाला, "को, ही आपलीच भाषा ना? मग कळत का नाही?"

"थांब, पुढे आहे. 'कारागीर जुने भाग बदलत नाही. वस्तूच्या वयाचा तो आदर करतो.'"

आता मात्र लोक लोळायचे बाकी राहिले. कारण आमच्याकडे करतात ते असं: जुन्या कंडेन्सरचं पुठ्ठ्याचं नळकांडं घ्यायचं, तापवून त्यातलं मेण वितळवायचं, आतला सडका माल काढून फेकायचा, आत बाजारातला नवा छोटा कंडेन्सर बसवायचा आणि वरून पुन्हा मेण ओतायचं. बाहेरून सत्तर वर्षांचा, आतून कालचा. मेणाला जुना रंग यावा म्हणून ज्याची त्याची खोड असते. तुगिरान काजळी मिसळायचे, मास्तर कॉफीचा गाळ. सात महिने पोरगी हे बघत होती आणि लिहिलं काय, तर आदर!

"आदर कसला," को हियान ओरडला, "पोट फाडून भुसा भरतो आम्ही! डिग्री देताना ह्यांना एकदा तरी झटका देत जा म्हणावं, दोनशे वीसचा. सगळे संवाद बंद होतील."

तुगिरान लोक हसतील तेव्हा हसत होते. शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते, वाचताना को हियानचं तोंड कागदाच्या आड जात होतं. म्हणून त्यांनी तो लेख मागून घेतला आणि दुपारी घरी ओसरीवर बसून बोट ठेवून वाचला. आणि एकोणिसाव्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

'पाक तु. डोळे मिटतात आणि तळहात लाकडावर ठेवतात. येथे श्रवण कानाच्या सीमा ओलांडून देहभर पसरते; तळहात हाच कान होतो.'

बाकी सगळी पानं बकवास, पण ही ओळ! ह्या ओळीतला तळहात खरा होता. आज हसण्याच्या भरात ती कोणाच्या ध्यानात आली नव्हती, पण उद्या कोणी शांतपणे वाचली तर? तळहात का ठेवतो हा, असं कोणी मनात आणलं तर संपलंच की सगळं. सात महिने भजी खाऊ घालणाऱ्या, सांधा जोडायला शिकवलेल्या पोरीने आपल्यालाच उघडं पाडलं, असं त्यांना वाटलं. राग आला तो असा आला की वार्सिनीने पुढ्यात ठेवलेला भात तसाच राहिला.

पुढच्या लेगीच्या रविवारी पालुपी आली. लाजत, आनंदात, सगळ्यांसाठी शेंगदाण्याच्या वड्या घेऊन. तुगिराननी तिला बसूही दिलं नाही. त्यांनी चुकांची यादी करून आणली होती. चौदा चुका. अमुक व्हॉल्व्हचं नाव चुकीचं, तमुक तारेचा रंग चुकीचा, कंडेन्सरचं तर काय सांगावं. एकेक वाचत होते आणि मंडळी दाद देत होती, आणि पोरगी मान खाली घालून वहीत टिपून घेत होती. चौदावी चूक वाचताना त्यांचा आवाज चढला.

"हा तळहात तू कुठे बघितलास? मी कानाने ऐकतो. सगळ्या जगासारखा, देवाने दिलेल्या कानाने. तुम्हाला लिहायला काहीतरी चमत्कारिक पाहिजे, म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या नावावर वाट्टेल ते खपवायचं? खोटारडी आहेस तू, म्बाक. असं लिहून पोट भरण्यापेक्षा टोफू विकलास तर बरं."

एरवी अशा वेळी को हियान काहीतरी बोलून हसवतो. तो फडक्याला हात पुसत राहिला. पालुपीने मास्तरांकडे बघितलं. मास्तर जमिनीकडे बघत होते. मग ती म्हणाली, आणि तिने शब्द इतके सावकाश, ओठ इतके स्पष्ट हलवून उच्चारले की तुगिरानना एकही चुकला नाही, "माझी चूक झाली, पाक. मी ती ओळ काढायला सांगते. माफ करा."

ती गेली ती परत आली नाही. वड्यांचा पुडा टेबलावर तसाच राहिला आणि कोणी फोडला नाही.

निघताना मास्तर सायकलच्या चाकात हवा भरत होते. तुगिरान शेजारी उभे राहिले, जिंकल्यासारखे. मास्तर काहीतरी बोलले. पाठ ह्यांच्याकडे, तोंड चाकाकडे, पंप खालीवर चाललेला. दोन-तीन वाक्यं असावीत. मान हलत होती त्यावरून. तुगिराननी "हो ना" असं म्हटलं. मास्तरांनी वर बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि सायकलवर बसून गेले.

त्या पावसाळ्यात मास्तर वागियो वारले. तापाचं निमित्त झालं, पाच दिवसांत माणूस गेला.

चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं, दुवा झाली, लोक पांगले. मास्तरांची बायको, बू रुबियाह, आतून एक रेडिओ घेऊन आली. हा तुगिराननीच चार वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने दुरुस्त करून मास्तरांना दिलेला. रुबियाहच्या शब्दांत मास्तरांची "खरी बायको." आता तो बंद पडला होता. तुगिरानना ती कांग, म्हणजे दादा, म्हणायची. समोर उभी राहून, मोठ्याने म्हणाली, "कांग, दुपारी गामेलानचं वादन लागायचं ना, त्याशिवाय त्यांना झोप यायची नाही. आता मला येत नाही. बघता का?"

"बघतो का म्हणजे? उद्या आणून देतो."

बिघाड फुटकळ होता. एक व्हॉल्व्ह गेलेला. तुगिराननी सकाळी ओसरीवर रेडिओ उलटा करून तो बदलला. पत्र्यावर त्यांचंच अक्षर होतं, चार वर्षांपूर्वीचं: "फिल्टर कंडेन्सर बदलला. शिजला. तु." सहज नजर त्या कंडेन्सरवर गेली. आणि ते थबकले. नळकांड्याच्या तोंडाशी लावलेलं मेण काळपट नव्हतं. तपकिरी होतं.

हे माझं मेण नाही, असं ते स्वतःशी म्हणाले. डाग द्यायची सळई तापलेलीच होती, ती त्यांनी मेणाला लावली. मेण सुटलं आणि ओसरीभर कॉफीचा वास आला.

आतला कंडेन्सरही त्यांचा नव्हता. दुसरा होता, आणि त्याला गुंडाळून एक कागदाची पट्टी. पाटीवर मांडल्यासारखं अक्षर.

"घरघर होती. कंडेन्सर बदलला, घरघर गेली. सही, वागियो. जो कोणी उघडेल त्याने तुगिरानला सांगू नये."

खाली तारीख. त्यांनी स्वतः "शिजला" लिहिल्यानंतर बरोब्बर तीन दिवसांची.

वार्सिनी बाहेर आली तेव्हा हे तसेच बसलेले, हातातून मेण गळून लुंगीवर सांडलेलं. तिने चिठ्ठी वाचली आणि लुंगीवरचं मेण नखाने खरवडायला बसली. तिला नवल वाटलं नाही म्हणूनच त्यांना कळलं की तिलाही हे माहीत होतं.

ते उठले आणि तडक को हियानच्या पडवीत गेले. तिथे फळीवर गेल्या चार वर्षांत त्यांनी "शिजला" म्हटलेले आणि अजून कोणाच्या घरी न गेलेले अकरा रेडिओ ठेवलेले होते. को हियान टोफूची मोठी कढई ढवळत होता. त्याने ह्यांचा चेहरा बघितला आणि आच बंद केली. तुगिराननी एकेक रेडिओ उतरवला, उलटा केला, सळई लावली. पहिल्यात कॉफीचा वास. दुसऱ्यात कॉफीचा वास. अकरांपैकी नऊ रेडिओंत चिठ्ठ्या निघाल्या. कुठे "घरघर", कुठे "सांधा सुटा होता", कुठे "स्टेशन सरकत होतं." आणि प्रत्येकीच्या शेवटी तेच, तुगिरानला सांगू नये.

सही न करता हात लावायचा नाही, ही रीत मास्तरांना मोडवेना. आणि मित्राची लाज उघडी पडलेलीही बघवेना. म्हणून त्यांनी सही मेणाखाली पुरली!

"किती जणांना माहीत आहे?" तुगिराननी विचारलं.

को हियान समोर येऊन उभा राहिला, तोंड उजेडात धरून. आणि तुगिरानना लख्ख आठवलं, की हा माणूस चार वर्षांपासून असाच, समोर येऊन, तोंड उजेडात धरून बोलतो. पडवीतली त्यांची खुर्ची भिंतीकडून उचलून मधोमध ठेवली गेली तीही तेव्हाच. सगळे जण एकाएकी हातवारे करायला लागले तेही तेव्हाच. आणि ह्यांना वाटत होतं, म्हातारपणी माणसं बडबडी होतात.

"सगळ्यांना, कांग."

"आणि तुम्ही हसत होतात माझ्यावर."

"तुझ्यावर? अरे वेड्या, त्या दिवशी मी खुर्चीवर उभा राहून बोंबलत होतो तो कशासाठी? एकोणिसावं पान येऊ नये म्हणून. अठराव्याला मी कागद मिटला. आणि तू नेमका घरी घेऊन गेलास तो लेख."

तुगिरान खाली बसले. म्हणाले, "ती पोरगी..."

"तिलाही माहीत होतं. तिने आधी सरळच लिहिलं होतं. मास्तर योग्यकर्त्याला जाऊन तिला भेटून आला."

"आणि ह्या दोन रेडिओंत चिठ्ठ्या नाहीत, ते?"

"ते तुझे," को हियान म्हणाला. "ते खरंच शिजले होते."

तुगिरान त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. को हियानने नजर हलवली नाही. टोफू विकणारा माणूस, चाळीस वर्षं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून बोललेला. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळणं शक्य नव्हतं.

फोन करून काय ऐकू येणार? म्हणून त्यांनी पालुपीला पत्र लिहिलं. तार ऑफिसातला माणूस, कमी शब्दांत लिहायची सवय. "तुझ्या लेखात चौदा चुका आहेत असं मी म्हटलं होतं. तेरा आहेत. पण चौदावीही पूर्ण बरोबर नाही. तळहात ऐकत नाही. तळहाताला गाणं आणि घरघर सारखंच लागतं. नऊ रेडिओ मी कच्चे सोडले, मास्तर वागियोने ते शिजवले. त्याचं नाव तुझ्या लेखात कुठेच नाही. ते घालता आलं तर घाल. मी तुला खोटारडी म्हणालो. वड्या आम्ही खाल्ल्या नाहीत, ह्याचं मला फार वाईट वाटतं."

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. पालुपीने लिहिलं होतं की ओळ काढून झाली, लेख पक्का झाला, आता त्यात काही घालता येत नाही. दुरुस्तीवरचं काम तिने सोडलंय. सध्या ती बंदरांबद्दल लिहिते. डाग द्यायची सळई मात्र अजून टेबलावर आहे. पत्रासोबत एक पान होतं, लेखाच्या पहिल्या खर्ड्यातलं. त्यावर साध्या भाषेत लिहिलेलं होतं:

'पाक तुगिरानना ऐकू येत नाही. त्यांच्या मित्रांना हे ठाऊक आहे. ते त्यांना कळू देत नाहीत.'

तिच्या सगळ्या लिखाणात पडवीला पहिल्या वाचनात कळली असती अशी एवढीच तीन वाक्यं. त्यांच्यावर पेन्सिलीची आडवी रेघ होती आणि समासात पाटीवरलं अक्षर. "म्बाक, हे नको. ह्याच्या जागी काहीतरी अवघड लिही. इतकं अवघड, की आमच्यातल्या कोणालाच कळणार नाही."

तुगिराननी ते पान दोनदा वाचलं. मग तोंडावर लुंगीचा सोगा धरून ते रडले. आपण किती मोठ्याने रडतोय हे त्यांना कळत नव्हतं. शेजारची बाई कुंपणापाशी आली तेव्हा कळलं.

बू रुबियाहचा रेडिओ द्यायला आता उशीर झाला होता. कॉफीच्या मेणाचं नळकांडं त्यांनी पुन्हा भरलं. मास्तरांची चिठ्ठी होती तशी आत गुंडाळली. पत्र्यावरचं स्वतःचं "शिजला" खोडरबराने पुसलं, आणि तिथे लिहिलं, "घरघर वागियोने काढली. व्हॉल्व्ह तुगिरानने बदलला. तपासलेला नाही." पडवीतल्या नऊ रेडिओंतही तसंच केलं. मग रेडिओ सायकलला बांधून मास्तरांच्या घरी गेले.

दुपारची वेळ. रुबियाहने मास्तरांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर जागा केली. तुगिराननी बटण फिरवलं. स्टेशन दाखवणारा काचेतला हिरवा डोळा हळूहळू उजळला, मिटत आला, स्टेशनवर स्थिर झाला. रुबियाह पदर सावरून ऐकत बसली.

"बू," ते म्हणाले, "एक विचारू? मला ऐकू येत नाही. पाच वर्षं झाली."

तिने मान डोलावली, माहीत असल्यासारखी.

"म्हणून तुम्हीच सांगा. खरं सांगा. माझा मान ठेवायला नको. गाण्याच्या खाली घरघर आहे का?"

रुबियाहने थोडा वेळ कान दिला. मग त्यांच्याकडे वळली, तोंड खिडकीच्या उजेडात आणलं, आणि गोड हसून म्हणाली, "नाही हो, कांग. अगदी छान वाजतोय."

असंच हसू त्यांनी चार वर्षं पडवीत बघितलं होतं. ते तिच्या ओठांकडे बघत राहिले, डोळ्यांकडे बघत राहिले. पुन्हा विचारलं असतं तर तिने पुन्हा तेच सांगितलं असतं. आणि ज्याने तीन दिवसांनी का होईना, पण खरं काय ते मेणाखाली लिहून ठेवलं असतं, तो माणूस दोन महिन्यांपूर्वीच मातीत गेला होता.

"बरं झालं," तुगिरान म्हणाले.

रुबियाह चहा करायला आत गेली. त्यांनी रेडिओवर तळहात ठेवला. लाकूड थरथरत होतं.